सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांना ‘हीरोक्वेस्ट’ खेळायला द्यावा का?

निवांत_नाशिककर (प्रश्न)

नमस्कार. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने मुलांसाठी ‘हीरोक्वेस्ट’ नावाचा पटावरचा खेळ आणला आहे. खोका उघडल्यापासून घरात दुसरा विषय नाही. त्यात भुयाराच्या नकाशाचा मोठा पट आहे, दारे, पेट्या, पुस्तकांची कपाटे, सांगाडे आणि राक्षस यांच्या छोट्या मूर्ती आहेत, आणि चार वीरांनी मिळून एकेक मोहीम पार पाडायची, असे त्याचे साधारण स्वरूप आहे. मुलगा नऊ वर्षांचा आहे व मुलगी नुकतीच सहा पूर्ण झाली आहे. सापशिडी, ल्यूडो, नवा व्यापार एवढाच आमचा आजवरचा अनुभव असल्यामुळे नियमांची पुस्तिका वाचताना माझीच दमछाक झाली.

माझ्या शंका अशा आहेत. खोक्यावर चौदा वर्षांपुढील मुलांसाठी असे छापले आहे, तेव्हा सहा वर्षांच्या मुलीला यात बसवणे कितपत योग्य आहे? सगळे पत्ते इंग्रजीत आहेत आणि धाकटीला अजून मराठीसुद्धा अडखळत वाचता येते. मूर्तींमध्ये सांगाडे, ममी असे प्रकार आहेत, शिवाय वीर मरूही शकतो, त्यामुळे रात्री झोपेचे खोबरे होईल की काय, ही आमच्या सौभाग्यवतींची काळजी आहे. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे थोरला प्रत्येक खेळात धाकटीच्या वतीने स्वतःच चाल करतो, मग ती पट उधळते आणि डाव तिथेच मोडतो. ज्यांनी लहान मुलांबरोबर अशा प्रकारचे खेळ खेळले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

सोंगटीबहाद्दर

निवांतराव, प्रथम खोक्यावरच्या आकड्याविषयी. तो आकडा मुलाच्या आकलनाचे माप असतोच असे नाही. अमेरिकेत २००८ च्या ग्राहकसुरक्षा कायद्यानुसार बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बनवलेल्या वस्तूंना स्वतंत्र चाचण्या कराव्या लागतात, युरोपात व आपल्याकडे खेळण्यांचे सुरक्षानियम चौदा वर्षांखालील मुलांच्या वस्तूंना लागू होतात, आणि बारीक मूर्ती असलेल्या अनेक खेळांवर ‘१४+’ छापले जाण्यामागे हेही एक कारण असते. हा खेळ मुळात १९८९ साली मिल्टन ब्रॅडली आणि गेम्स वर्कशॉप या कंपन्यांनी मिळून काढला, स्टीफन बेकर हे त्याचे रचनाकार, आणि तुमच्याकडे आहे ती बहुधा अव्हलॉन हिल या कंपनीने २०२१ मध्ये काढलेली नवी आवृत्ती असावी. आज चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी इंग्रज व अमेरिकन खेळाडूंनी तो शाळकरी वयातच हाती घेतला होता. घरात तीन वर्षांखालचे मूल असेल तर मात्र तलवारी आणि कवट्या तोंडात जाणार नाहीत याची काळजी घ्यावीच लागेल.

आता वाचनाचे. या खेळाची एक मोठी सोय अशी आहे की, लढाईच्या फाशांवर आकडे नसून चित्रे आहेत: तीन बाजूंना कवटी, दोन बाजूंना पांढरी ढाल आणि एका बाजूला काळी ढाल. हल्ला करणाऱ्याने कवट्या मोजायच्या, वीराने बचावात पांढऱ्या ढाली मोजायच्या आणि राक्षसाने काळ्या. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही हे दोन मिनिटांत समजते. वाचनाचा खरा भार मंत्रांच्या पत्त्यांवर आहे, म्हणून कोणाला कोणता वीर द्यायचा हे तुम्ही आधीच ठरवा. जादूगाराकडे नऊ मंत्र असतात, एल्फ नावाच्या परीकथेतल्या वीराकडे तीन, आणि प्रत्येक मंत्र एका मोहिमेत एकदाच वापरता येतो, त्यामुळे तो केव्हा खर्च करायचा हा विचार थोरल्याच्या वयाला साजेसा आहे. धाकटीला बार्बेरियन, म्हणजे रांगडा लढवय्या, द्या. त्याच्याकडे एकही मंत्र नाही, अंगात आठ गुणांची ताकद आहे (जादूगाराकडे चारच), आणि तो तीन फाशांनी हल्ला करतो.

यामागे केवळ सोपेपणाचा विचार नाही. बार्बेरियनने गॉब्लिन या छोट्या राक्षसावर हल्ला केला तर गणिताने पाहता दहापैकी सुमारे आठ वेळा गॉब्लिन पडतो. एकाच फाशाने लढणाऱ्या जादूगाराला तेच यश दहापैकी चार वेळा मिळते. सहा वर्षांच्या मुलाचा धीर टिकतो की सुटतो हे बरेचसे या फरकावर अवलंबून असते. लागोपाठ तीन वेळा फासे टाकून काहीच घडले नाही तर मोठी माणसे नशिबाला बोल लावून हसतात, पण लहान मूल उठून पाणी प्यायला जाते आणि परत येत नाही.

या खेळात एका खेळाडूने झारगॉन व्हायचे असते, म्हणजे राक्षसांची बाजू सांभाळायची, पट मांडायचा आणि दार उघडले की आत काय आहे ते सांगायचे. ती भूमिका तुम्ही घ्या, आणि ती घेताना जिंकण्याची इच्छा माजघरात ठेवून या. कोणत्या वीरावर हल्ला करायचा हे झारगॉन ठरवतो, त्यामुळे डाव किती कठीण व्हावा याची दोरी नियम न मोडताही तुमच्याच हातात राहते. पुस्तिकेतली पहिली मोहीम, जिच्यात अखेरीस गार्गॉइल या पंखवाल्या दगडी राक्षसाशी गाठ पडते, ती नवख्यांसाठी फार अवघड आहे, आणि ती सुरुवातीला का ठेवली हे मला कधीच उमगलेले नाही. तिच्याऐवजी पहिल्या दिवशी दोन खोल्या, दोन-तीन गॉब्लिन आणि एक पेटी एवढाच डाव मांडा. राक्षस दिसत नसताना रिकाम्या बोळातून चालण्यासाठी फासे टाकण्याचा नियमही वगळा, कारण फाशांवर मिळून दोनच पडून दोन घरे सरकण्यात कोणतेही साहस नाही.

एक नियम मात्र वगळू नका, तो म्हणजे खजिना शोधण्याचा. खोलीत राक्षस उरला नसेल तर वीराला खजिना शोधता येतो, म्हणजे गड्डीतून एक पत्ता ओढता येतो. त्यात कधी सोन्याची नाणी निघतात, कधी औषधाची कुपी, कधी सापळा, आणि कधी भटका राक्षस, जो तत्काळ शेजारी उभा राहून हल्ला करतो. यातली खुबी अशी की, नाणी आणि कुप्या निघाल्या की ते पत्ते गड्डीत परत जात नाहीत, पण भटक्या राक्षसाचा पत्ता पुन्हा गड्डीत मिसळला जातो. साहजिकच मोहीम जसजशी पुढे जाते तसतशी गड्डीतले चांगले पत्ते कमी होत जातात आणि धोका तेवढाच राहतो. हे गणित मुलांना आधी समजावून सांगू नका. थोड्या मोहिमांनंतर ‘आता नको, आता राक्षसच निघेल’ असे मूल आपणहून म्हणू लागते आणि तरीही त्याचा हात गड्डीकडे जातो, तो क्षण पाहण्यासारखा असतो. अशा वेळी मोठ्यांनी तोंड बंद ठेवावे, ‘विचार कर हं’ एवढेसुद्धा म्हणू नये.

वीर मरण्याबद्दल: ताकद शून्यावर आली तरी जवळ औषधाची कुपी किंवा उपयोगी पडणारा मंत्र असेल तर त्याच क्षणी तो वापरून वाचता येते, हे मूळ नियमांतच आहे. तेही नसेल तर लहानांसाठी ‘वीर बेशुद्ध पडला, सोबत्याने शेजारी येऊन एक खेळी खर्च केली की तो उठतो’ असा घरचा नियम करावा. आणि त्या सामानात कैद्याचा छळ करण्याच्या लाकडी चौकटीची एक छोटी प्रतिकृती आहे, ती खोक्यातच राहू द्या. खेळात तिच्यावाचून काही अडत नाही, आणि ‘बाबा, याच्यावर काय करतात?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ येत नाही.

बालवर्गताई

मी लहान मुलांना शिकवते, त्यामुळे सौभाग्यवतींच्या शंकेला उत्तर देण्याचा प्रयत्न करते. आपल्या गोष्टींतला वाघ म्हातारीला खायला टपलेला असतो, राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, आणि तरीही मुले त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा मागतात. भीतीदायक वस्तू समोर असणे आणि तिच्यापुढे आपण हतबल असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पटावरचा सांगाडा बोटभर उंचीचा असतो आणि त्याच्यावर हल्ला करण्याचे फासे मुलाच्या हातात असतात, ही बाब त्याच्या बाजूची आहे. माझ्या पाहण्यात मुले मूर्तीला क्वचितच घाबरतात, ती घाबरतात मोठ्यांच्या सुराला. म्हणून दार उघडताना आवाज खोल काढून, दिवे मालवून वातावरणनिर्मिती करण्याचा उत्साह सोंगटीबहाद्दरांसारख्या मंडळींनी पहिल्या काही डावांपुरता आवरावा. खेळ सुरू करण्यापूर्वी सर्व मूर्ती टेबलावर मांडून मुलीला त्या हाताळू द्याव्यात, तिला हवी तर तिने त्यांना नावे ठेवावीत, आणि एखादी मूर्ती तिला नकोच असेल तर निमूटपणे बाजूला ठेवून तिच्या जागी ऑर्क नावाचा दुसरा राक्षस उभा करावा. झोपण्याच्या तोंडावर मात्र हा खेळ नको. संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी आटोपला तर उत्तम.

थोरल्याची दांडगाई हा मला अधिक महत्त्वाचा मुद्दा वाटतो. सर्वांनी एका बाजूने खेळायच्या खेळांत हरण्याचे दुःख सगळ्यांत वाटून घेतले जाते हे खरे, पण तिथेच ज्याला जास्त कळते तो सगळ्यांची चाल ठरवू लागतो, हा त्या खेळांचा ठरलेला दोष आहे आणि तो मोठ्या माणसांच्या डावांतही दिसतो. धाकटीला कच्चा लिंबू ठेवून हा प्रश्न सुटणार नाही, उलट चिघळेल, कारण तिचे म्हणणे नेमके हेच असते की मलाही खरे राज्य द्या. आमच्या वर्गात आम्ही एवढेच ठरवले आहे की, ज्याची सोंगटी त्याचाच हात, आणि सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. त्याबरोबर थोरल्यालाही असे एखादे काम द्यावे की त्याचे लक्ष स्वतःच्या कामात गुंतेल: सोन्याचा हिशेब ठेवणे, मिळालेल्या नाण्यांतून पुढच्या मोहिमेसाठी शिरस्त्राण घ्यावे की ढाल याची बेरीज-वजाबाकी करणे, नकाशाची नोंद करणे. धाकटीने चुकीची चाल केली आणि त्यामुळे मोहीम फसली, तर फसू द्यावी.

वेळेबाबत एक सूचना. सहा वर्षांच्या मुलीने पाऊण तासाहून अधिक बसावे अशी अपेक्षा करू नये. अर्ध्यावर थांबावे लागले तर पटाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जावे. रडारडीपर्यंत ताणण्यापेक्षा ‘उद्या त्या दारामागे काय असेल’ या उत्सुकतेवर थांबणे कधीही बरे.

ऱ्हाइनकाठी

मी जर्मनीत राहतो आणि वरील दोघांशी थोडा असहमत आहे. घरात खेळ आलाच आहे म्हणून तो खेळावा, हे ठीक; परंतु सापशिडीवरून थेट ‘हीरोक्वेस्ट’वर उडी मारण्याची गरज मला पटत नाही. त्यात एक मोठा माणूस कायमचा झारगॉनच्या खुर्चीला बांधला जातो, आणि ज्या दिवशी बाबांना कामावरून यायला उशीर होईल त्या दिवशी डाव बसत नाही. इथे २००१ पासून वर्षातील सर्वोत्तम बालखेळाला स्वतंत्र पुरस्कार दिला जातो, त्यामुळे लहान मुलांसाठी नेटक्या नियमांचे साहसी खेळ निर्माण करण्याची एक परंपराच तयार झाली आहे, आणि त्यांत विरोधी बाजू सांभाळायला माणूस लागत नाही.

२०१४ साली हा पुरस्कार मिळालेला ब्रायन यू यांचा भूतबंगल्याचा खेळ इंग्रजीत ‘घोस्ट फाइटिन ट्रेझर हंटर्स’ या नावाने मिळतो. त्यात सर्वांनी मिळून बंगल्यातली आठ रत्ने बाहेर काढायची असतात, प्रत्येकाच्या पाठपिशवीत एका वेळी एकच रत्न मावते, आणि दरम्यान खोल्याखोल्यांत भुते वाढत जातात. एका खोलीत तिसरे भूत आले की ती खोली झपाटली जाते, आणि सहा खोल्या झपाटल्या की डाव हरला. भूत म्हणजे पांढऱ्या रंगाची गोंडस सोंगटी, त्यामुळे भीतीचा प्रश्न नाही. पण ‘आधी रत्न घेऊन पळायचे की शेजारच्या खोलीतल्या भुतांना हाकलायचे’ हा पेच अस्सल आहे. खोक्यावर वय आठ असले तरी मोठ्यांच्या सोबतीने सहा वर्षांची मुले तो सहज खेळतात.

दुसरा खेळ ‘अँडोर ज्युनियर’, इंका आणि मार्कुस ब्रांड या दांपत्याने रचलेला, वय सातपासून. मिखाएल मेन्त्सेल यांचा मूळ ‘अँडोर’ हा मोठ्यांचा, बराच गुंतागुंतीचा खेळ आहे. छोट्या आवृत्तीत ड्रॅगन येऊन किल्ल्यावर पोहोचण्यापूर्वी, खाणीत हरवलेली लांडग्याची पिल्ले शोधायची असतात. इथे कोणाला मारण्यापेक्षा कोणाला तरी वाचवायचे आहे, हा बदल सहा-सात वर्षांच्या मुलांना किती भावतो हे डाव सुरू असताना त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. आणखी लहान मुले घरी येत असतील तर ‘माय फर्स्ट कॅसल पॅनिक’ चार वर्षांपासून चालतो: रंग आणि आकार जुळवून राक्षस पकडायचे आणि तुरुंगात टाकायचे, वाचनाचा संबंधच नाही.

एका खेळाबद्दल मात्र सावध करतो. ‘स्टफ्ड फेबल्स’ची संकल्पना विलक्षण गोड आहे: झोपलेल्या मुलीचे रक्षण तिची कापसाची खेळणी करतात, जखम झाली की अंगातला कापूस कमी होतो, आणि गोष्टीच्या पुस्तकाचे उघडलेले पान हाच पट असतो. चित्रे पाहून कोणीही मोहात पडेल. परंतु त्यात इंग्रजी मजकूर इतका आहे की, मराठीतून सांगणारा पालक अर्धा वेळ अनुवादकच होऊन बसतो आणि मुले तोवर मूर्तींची लढाई लावून मोकळी होतात. थोरला अकरा-बारा वर्षांचा झाल्यावर तो स्वतःच धाकटीला वाचून दाखवील, तेव्हा घ्या.

निवांत_नाशिककर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बालवर्गताईंचा ‘ज्याची सोंगटी त्याचाच हात’ हा नियम आजपासूनच लागू केला आहे. आणखी दोन गोष्टी विचारतो. झारगॉनची भूमिका करणारे मोबाइलवरचे ॲप असल्याचे भावाने सांगितले, ते वापरावे का? आणि इमारतीतल्या आणखी तीन-चार मुलांच्या पालकांनी ‘आम्हालाही असे काही सुरू करायचे आहे’ म्हणून विचारणा केली आहे. बाहेरून मागवलेले हे खेळ सर्वांच्या खिशाला परवडणारे नाहीत. त्यांना काय सांगावे?

सोंगटीबहाद्दर

ॲप आहे आणि ते मोफत आहे. राक्षसांच्या चाली तेच सांगते, त्यामुळे ऱ्हाइनकाठींनी म्हटलेली खुर्चीची अडचण बऱ्याच अंशी सुटते आणि आई-बाबा दोघेही वीर होऊन मुलांच्या बाजूने खेळू शकतात. परंतु ॲपला समोरच्या मुलीचा चेहरा दिसत नाही. ती हिरमुसली आहे म्हणून पुढच्या खोलीतला एक ऑर्क गुपचूप कमी करणे त्याला जमणार नाही. पहिले दोन-तीन महिने तुम्हीच झारगॉन राहा, मुले रुळली की ॲपकडे वळा.

वहीवाला

परवडण्याच्या प्रश्नावर माझे म्हणणे असे की, या वयाच्या मुलांना विकतचा खेळ नसला तरी काही बिघडत नाही. दिवाळीत आपली मुले मातीचा किल्ला करतात, त्यात भुयार, चोरदरवाजा, पाण्याचे टाके, बुरूज सगळे असते, आणि मांडलेले मावळे वर्षभर माळ्यावरच्या खोक्यात पडून असतात. ते खोके खाली काढावे. महाराजांची मूर्ती सिंहासनावरच राहू द्यावी, सोंगट्या मावळ्यांच्या कराव्यात. गणिताच्या चौकटीच्या वहीची पाने चिकटवून त्यावर गडाखालच्या भुयाराचा नकाशा काढावा, मात्र एक खबरदारी घ्यावी: मावळ्याची बैठक ज्या चौकोनात मावेल तेवढा चौकोन, म्हणजे साधारण अडीच-तीन सेंटिमीटरचा, पट्टीने आखून घ्यावा, नाहीतर दोन मावळे शेजारी उभे राहिले की एक आडवा होतो आणि भांडण सुरू होते.

नकाशा पूर्ण उघडा ठेवू नये. प्रत्येक खोलीवर जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा झाकण म्हणून ठेवावा आणि दार उघडल्यावरच उचलावा. खोल्यांत काय असेल हे एका मुलाने ठरवावे आणि बाकीच्यांनी शोधावे, मग पुढच्या वेळी दुसऱ्याने ठरवावे. आमच्या वाड्यातल्या मुलांना वीर होण्यापेक्षा भुयार रचण्याचीच हौस अधिक आहे, आणि जो मुलगा इतरांच्या चाली करायला धावतो त्याला रचनाकार केले की तो एकदम शहाण्यासारखा गप्प बसतो, कारण तोंड उघडले तर त्याचेच गुपित फुटते. निवांतरावांनी थोरल्यावर हा प्रयोग करून पाहावा. राक्षस म्हणून बाटल्यांची बुचे चालतात: लाल म्हणजे साधा, निळा म्हणजे दोन वेळा मारावा लागणारा. खजिन्याची गड्डी जुन्या पत्त्यांची करावी, त्यात राजा निघाला की भटका राक्षस आला असे समजावे आणि तो राजा सोंगटीबहाद्दरांनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा गड्डीत मिसळावा.

लढाईचे खास फासेही विकत घ्यावे लागत नाहीत. ल्यूडोच्या साध्या फाशावर एक, दोन, तीन पडले तर कवटी, चार किंवा पाच पडले तर पांढरी ढाल, आणि सहा पडला तर काळी ढाल, असे धरले की तेच प्रमाण येते. लहानांना आकडे लक्षात ठेवणे जड जात असेल तर फाशाच्या सहा बाजूंना कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यांवर पेनाने चित्रे काढावीत, आणि कवटी नको असेल तर तिच्या जागी तलवार काढावी. पारदर्शक चिकटपट्टी वापरू नये, तिच्यावर शाई टिकत नाही.